ओव्हर म्हणजे संपलं नव्हे

माझं लग्न दोन वर्षांत दोन हजार नऊशे सोळा वेळा मोडलं, असं सरकारचं म्हणणं पडलं. मला ते टपालाने कळलं. मी दाढी करत होतो, एका गालावर साबण, दुसरा मोकळा. मुलगी बाथरूमच्या दारात पत्र घेऊन उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली, "अर्जदार व त्यांच्या पत्नी यांच्या संदेशांत वैवाहिक संबंध संपुष्टात आल्याचा उल्लेख वारंवार, म्हणजे एकूण २९१६ वेळा, आढळल्याने सदर अर्ज नामंजूर का करू नये..."

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही लिहीत काय होतात त्यांना?"

"काय लिहिणार? पाठ दुखते, नळ गळतो, जेवलीस का. नवरा-बायको लिहितात तेच."

तिने पत्राबरोबर आलेली पानं पुढे केली. लग्नाचा पुरावा म्हणून अर्जाला जोडलेल्या आमच्या संदेशांचं ते अधिकृत भाषांतर. मी साबणाच्याच हाताने पहिलं पान धरलं आणि वाचू लागलो. 'आज पाठ दुखते. संपलं.' 'औषध घेतलंत का? संपलं.' 'घेतलं. तू जेवलीस का? संपलं.' पानांमागून पानं, दिवसातून चार-चार वेळा आमचं दोघांचं संपत होतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर मला माझ्या नोकरीपासून सुरुवात करायला हवी. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीची सुरुवात नोकरीपासून करता. करतो. अभिमान आहे म्हणून करतो.

चौतीस वर्षं मी बंदराच्या रेडिओ रूममध्ये काढली. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांशी वायरलेसवर बोलायचं आणि बोललेलं लॉगबुकात लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. तिथे एका वेळी एकालाच बोलता येतं. तुम्ही बटण दाबून बोलत असता तेव्हा समोरच्याचं ऐकू येत नाही, आणि दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती खरखर. म्हणून आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल, मी कान देऊन बसलोय. बोलणंच संपलं, उत्तर नको, असं असेल तर त्याला वेगळा शब्द आहे, 'आउट'. सिनेमातले लोक ऐटीत 'ओव्हर अँड आउट' म्हणतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. 'तू बोल, मी ऐकणार नाही' असा त्याचा अर्थ होतो. असं घरोघरी चालत असेल, वायरलेसवर चालत नाही.

समुद्राच्या पलीकडे, चौदा मैलांवर, दुसऱ्या देशाचं बंदर. तिथल्या रेडिओ रूममध्ये एक बाई होती. आमच्याकडून जहाज सुटलं की मी तिला कळवायचं, तिच्याकडून सुटलं की तिने मला. जहाजाचं नाव, माणसं किती, माल काय, पोचणार कधी. बास. खासगी बोलायला सक्त मनाई, आणि आम्ही दोघंही नियमाचे पक्के. आमच्या खोलीत सगळे तिला 'पलीकडची' म्हणायचे. एकोणीस वर्षं मी तिचा आवाज ऐकला. भर वादळातही एक अक्षर सांडायचं नाही. तिला सर्दी झाली की मला पहिल्या शब्दाला कळायचं, पण विचारायची सोय नव्हती. माझ्या शेवटच्या पाळीला मी म्हणालो, "उद्यापासून या टेबलावर दुसरा माणूस असेल. ओव्हर." चार सेकंद काहीच आलं नाही. वायरलेसवर चार सेकंद म्हणजे फार झाले. मग ती म्हणाली, "समजलं. ओव्हर." तिने 'आउट' म्हणायला हवं होतं. ते तिने म्हटलं नाही, हे माझ्या ध्यानात राहिलं.

पुढे माझी पहिली बायको गेली, म्हणजे माझ्या मुलीची आई. घर खायला उठलं. मुलीने फोन घेऊन दिला, कोणीतरी निवृत्त ऑपरेटरांच्या ग्रुपमध्ये घातलं, आणि तिथे एके सकाळी पलीकडची उगवली. पाळ्या करता करता तिचं लग्न राहून गेलं होतं. वर्षभर लिहिणं झालं, मग बोलणं, मग एकमेकांना बघणं. एकोणीस वर्षं नुसता ऐकलेला आवाज एका तोंडातून यायला लागला, तेव्हा मी पहिले दोन दिवस डोळे मिटूनच बोलत होतो. सदुसष्टीच्या मी त्रेसष्टीच्या बाईशी तिच्या गावच्या नोंदणी कचेरीत लग्न केलं. "साठी बुद्धी नाठी," असं शेजारचे निवृत्त मास्तर जिन्यात म्हणाले, मला ऐकू यावं अशा बेताने. माझे कान हेडफोनमध्ये पोसलेले. कुजबुजले असते तरी ऐकू आलं असतं.

मला तिच्या देशात कायमचं राहता येत नाही, त्यांना साठीपुढचे पाहुणे नकोत. तिला इथे यायचं तर परवानगी हवी. तोवर वर्षातून महिनाभर मी तिकडे, महिनाभर ती इकडे, आणि उरलेले दहा महिने संसार फोनवर. आमच्या मध्ये चौदा मैल पाणी आणि चारशे बारा पानं कागद. पाणी बोटीने दोन तासांत ओलांडता येतं.

फोनवरचा संसार लोकांना हसण्यासारखा वाटतो. मला विचाराल तर समोरासमोर राहणारी कितीतरी जोडपी आमच्याइतकं बोलत नाहीत. मी साखरेच्या डब्याला फोन टेकवून जेवतो, ती तिकडे मटार सोलते. तिच्या स्वयंपाकघराची एकच भिंत मला दिसते, पण त्या भिंतीवरचा पोपडा कधी वाढला हे तिच्याआधी मी सांगतो. चित्र मध्येच थिजतं, तेव्हा ती नेमकी तोंड उघडलेली असते. मी ते बघत बसतो, बायकोकडे इतका वेळ टक लावून बघायची सवलत एरवी कोण देतं? आणि आवाज उशिरा पोचतो. सगळं जग त्यावर वैतागतं, एकमेकांच्या बोलण्यात घुसतं, 'हॅलो हॅलो' करतं. आम्हाला त्यावरचा तोडगा तरुणपणापासून पाठ होता. बोलून झालं की ओव्हर. लिहितानाही तेच.

मला राग येतो तो लोकांच्या निळ्या खुणांचा. संदेश वाचला एवढं कळतं, उत्तर नाही. नाहीतर अंगठा. अरे, जहाज विचारतंय आत येऊ का, आणि तुम्ही अंगठा दाखवता? आमच्या संसारात अंगठा नाही. विचारलं की उत्तर, आणि उत्तराच्या शेवटी समोरच्याला पाळी. तिला आपली भाषाही मी अशीच शिकवली, एकेक वाक्य, ओव्हर लावून. नर, मादी, नपुंसक यांचा तिने पार भाजीपाला केला आहे, 'माझी नवरा आला' म्हणते, पण पासष्टाव्या वर्षी नवी भाषा बोलून दाखवा आणि मग तिला हसा.

तर आमचे संदेश वायरलेसच्या मोडक्या सामायिक भाषेत, मधूनच आपल्या भाषेत, असे होते, आणि सरकारच्या भाषांतरकाराने कोश उघडून 'ओव्हर'चं 'संपलं' करून टाकलं होतं. मुलीला हे कळलं तेव्हा ती आधी हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. पत्राच्या तळाशी लिहिलं होतं, अर्ज नामंजूर झाल्यास तीन वर्षं पुन्हा करता येणार नाही.

"तीन वर्षं," ती म्हणाली.

मी एकोणसत्तर वर्षं पुरी केली होती. माझ्या वयाला तीन वर्षं गृहीत धरणारा माणूस एकतर मूर्ख असतो नाहीतर विमा एजंट. पलीकडची नुकतीच जिन्यावरून घसरून मनगट दुखावून बसली होती, आणि मी चौदा मैलांवरून तिला "बर्फ लाव, ओव्हर" एवढंच म्हणू शकलो होतो. खरं सांगतो, मला भीती वाटली.

सुनावणीची खोली लहान होती. टेबल, पाण्याचा जग, एक माइक, भिंतीवर पडदा. अधिकारी बाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर चढवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. माझ्या शेजारी मुलगी, साक्षीदार म्हणून. पडद्यावर पलीकडची, तिकडच्या तशाच एका कचेरीत. मनगटाला पट्टी. पण बसली होती कशी! पाठ ताठ, हात टेबलावर, ड्युटीवर बसल्यासारखी. मला वाटलं, सगळ्या खोलीला सांगावं, ही बघा, ही माझी.

"तुमचे पती घोरतात का?" बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

"हो," पलीकडची म्हणाली, "पण वेळेवर. ओव्हर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हेच. हे काय आहे?"

मग मी बोललो. तयारी केली होती, पण तयारीची गरज पडली नाही. बटण, खरखर, ओव्हर, आउट, सगळं सांगितलं. "मॅडम, रोज चार वेळा संपणारं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा सुरू कसं होतं, हे तुमच्या भाषांतरकाराला विचारा. ओव्हर म्हणजे संपलं नव्हे. ओव्हर म्हणजे मी ऐकतोय. दोन हजार नऊशे सोळा वेळा आम्ही एकमेकांना 'मी ऐकतोय' म्हटलंय. तुमच्या ऑफिसात आलेल्या दुसऱ्या कुठल्या जोडप्याने म्हटलंय का, दाखवा."

बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मला चेव आला. माझा हा दोष आहे, कोणी ऐकतंय असं दिसलं की मी थांबत नाही.

"संपलं म्हणायचं असतं तर आम्ही 'आउट' म्हटलं असतं. तो शब्द शोधा. मूळ संदेश तुमच्या कॉम्प्युटरवर आहेत ना? शोधा, एकदाही सापडणार नाही."

बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि टाइप केलं. त्यांचं बोट बटणावर टेकलं त्या क्षणी मला आठवलं, आणि आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला हेही कळलं.

"एकदा आहे," बाई म्हणाल्या.

मी पडद्याकडे बघितलं नाही.

"भाषांतरात 'बाहेर' असं केलंय, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमचा संदेश आहे. लग्नानंतर तीन महिन्यांनी, रविवार, दुपारी साडेबारा." त्यांनी वाचलं, "'हे आपल्या वयाला शोभत नाही. इथेच थांबू. आउट.' तुमच्याच व्याख्येप्रमाणे, हे संपलं असंच ना?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलता आलं असतं. पण शब्दाचा अर्थ मीच सांगून बसलो होतो.

तो रविवार शेजारी बसलेल्या मुलीला माझ्याइतकाच आठवत होता. त्या सकाळी ती आली होती आणि म्हणाली होती, "बाबा, लोक म्हातारचळ म्हणतात, मी सासरी तोंड कसं दाखवू? आईच्या घरात दुसरी बाई येणार असेल तर मी इथे पाऊल टाकणार नाही." सहा महिन्यांनी तिचा राग निवला, ती परत येऊ लागली, चारशे बारा पानं तिनेच छापली. पण ती गेल्यावर त्या दुपारी मी काय केलं होतं, ते मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोरून ते पान गेलं असेलही, पण 'आउट' म्हणजे काय हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. आत्ता कळलं.

"पुढचं वाचा," पडद्यावरून आवाज आला. "कृपा करून. ओव्हर."

बाई वाचू लागल्या. "दुपारी एक. 'तुमचा संदेश नीट मिळाला नाही. पुन्हा सांगा. ओव्हर.' दीड वाजता, तेच. दोन वाजता, तेच." त्या थांबून पडद्याकडे वळल्या. "संदेश मिळाला नव्हता?"

"मिळाला होता," पलीकडची म्हणाली. "पूर्ण स्वच्छ मिळाली."

"मग?"

"मॅडम, मी एकतीस वर्षं नोकरी केला. जहाज उत्तर देत नाही, तर जहाज बुडाला असं आम्ही लिहीत नाही. आधी हाक मारतो. दर अर्ध्या तासाने. मी रेडिओ रूममध्ये असताना एकाही जहाजाला हाक मारायचा सोडला नाही. हा तर माझी नवरा आहे." ती माझ्याकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती. "ओव्हर," ती म्हणाली.

लिंगं सगळी चुकली होती आणि अक्षर एकही सांडलं नव्हतं. मला इतका अभिमान उभ्या जन्मात कशाचा वाटला नाही.

बाईंनी मोजलं. "अकरा वेळा. शेवटचा संदेश सहा वाजता. मग सहा वाजून दहा मिनिटांनी तुमचा एक आहे." त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "हा तुम्हीच वाचा."

मी चष्मा लावला. आमच्या कामात बोलताना चूक झाली तर सबबी सांगत बसायच्या नसतात. 'दुरुस्ती' असा एक शब्द म्हणायचा आणि बरोबर काय ते सांगायचं. नोकरीत चौतीस वर्षांत मला तो शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा लागला, आणि त्याचीही मी ऐट मिरवत असे.

"'दुरुस्ती,'" मी वाचलं. "'आउट नव्हे. ओव्हर.'"

बाईंनी काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मग एक कागद काढून मुलीपुढे सरकवला. "तुमच्या वडिलांचं वय बघता कुटुंबातल्या एका माणसाची हमी लागेल. या बाई इथे आल्यावर, आणि पुढे काही कमीजास्त झालं तरी, त्यांचं घर इथे राहील, अशी. तुम्ही द्यायलाच हवी असं नाही. पण ती नसेल तर मला मंजुरी देता येणार नाही. नीट वाचा आणि मग ठरवा."

मला ही अट ठाऊक नव्हती. म्हणजे इतका वेळ मी जे भांडलो ते सगळं आता तिच्या हातात होतं, आणि तिला आत्ताच कळलं होतं की त्या रविवारी तिच्या बोलण्यापायी मी काय मोडायला निघालो होतो. मी तिच्या नजरेला नजर देणं टाळलं. तिच्यावर ओझं नको, एवढं तरी मला करता येत होतं.

तिने कागद वाचला. सावकाश वाचला, तिची आई वाचायची तसा, ओठ हलवत. नाव, पत्ता, सही. मग वरच्या एका चौकटीवर तिचं पेन अडलं. मला ते बाजूने तिरकं दिसत होतं. 'सदर स्त्रीशी आपले नाते.'

"इथे काय लिहायचं?" तिने विचारलं.

"जे असेल ते," बाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिच्या वतीने शंभर उत्तरं येऊन गेली, वडिलांची पत्नी, परिचित, काही नाही. मग तिने लिहिलं. छोटाच शब्द होता, 'मुलगी'. अक्षर तिचं चांगलं आहे, तिरकंही वाचता आलं. मी पुन्हा एकदा वाचलं, खात्री करायला, आणि मग मला पुढचं काही दिसेना.

बाईंनी कागद घेतला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "मंजूर."

पडद्यावर मात्र आवाज नेमका त्याच वेळी तुटला होता. पलीकडची वाकून बघत होती. "काय झाला? मला ऐकू आला नाही. पुन्हा सांगा. ओव्हर."

मी तोंड उघडलं. तिच्या हाकेला मी उत्तर देऊ शकलो नाही. ती पुन्हा म्हणाली, "पुन्हा सांगा," आणि तिचा आवाज पहिल्यांदाच हलला.

मुलीने माझ्यासमोरचा माइक स्वतःकडे ओढला.

"बाबा रडतायत," ती म्हणाली. "तुम्ही सामान बांधायला घ्या."